दुसरी टिक

भिंगबाईला संशय यायला कारण लागत नसे. संग्रहालयाच्या दुरुस्तीखोलीत जुन्या वस्तूंची पारख करण्यात तिची हयात गेली होती, आणि ती सवय काही संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना आत राहायची नाही. नवा कप घेतला तरी आधी उपडा करून बघणार, मग त्यात चहा ओतणार. नवरा म्हणायचा, हिने लग्नाआधी मलाही उजेडात धरून पाहिलं होतं. तो बिचारा जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात तिघीजणी: भिंगबाई, तिची सासू आणि लेक. लेकीला आजीने लहानपणी ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं.

ही ठिणगी आता आठवडाभरात जाणार होती. कायमची.

पाच जगांवर माणसं राहायला गेली होती, तिथून येणंजाणं होतं, निरोप यायचे. हे नवं जहाज त्यांच्याही पलीकडे निघालं होतं, दक्षिणेच्या आकाशातल्या एका मंद ताऱ्याकडे. पोचायलाच अर्धं आयुष्य लागणार, परतीचा प्रश्नच नव्हता. ठिणगी जहाजावरच्या वायरिंगचं काम बघणार होती. तिने वर्षापूर्वी ही बातमी सांगितली तेव्हा भिंगबाईने एवढंच विचारलं होतं की जहाज नीट तपासलंय का. मग तिने चौकशा सुरू केल्या. कप्तानीण पिते का, डॉक्टर खरंच शिकलेला आहे का, बांधणाऱ्यांनी पत्रा कुठून आणला. कुठेतरी खोट सापडेल आणि पोरगी घरी राहील, ही एकच आशा होती. खोट काही सापडत नव्हती.

त्या ताऱ्याकडेच का जायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सासूबाई तरुण असताना माणसाने पहिल्यांदा एक यंत्र आभाळात फिरत ठेवलं. सरकारने त्याचं नाव ठेवलं अग्रदूत, लोकांनी केलं टिकटिक्या. घागरीएवढा पत्र्याचा गोळा, त्याला चार काड्या, आणि काम एकच, टिक टिक करत फिरायचं. लोक रेडिओ रस्त्यावर आणून ऐकत बसायचे. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की टिकटिक्या सावलीतून उन्हात आला की त्याच्या टिकटिकीत आणखी एक टिक ऐकू येते. बारीक, तालाबाहेरची. शास्त्रज्ञ म्हणाले, त्याला वर काहीतरी ऐकू येतंय आणि तो ते खाली पोचवतोय. तेव्हा तो कुठल्या बाजूला असतो ते त्यांनी मोजलं, रेघ ओढली, आणि रेघ त्या मंद ताऱ्यापाशी जाऊन टेकली. कोणीतरी आपल्याला उत्तर देत होतं. थोड्याच दिवसांत टिकटिक्याची बॅटरी संपली आणि दुसरी टिक पुन्हा कोणाच्याच कानी पडली नाही, पण तोवर माणसं वेडी झाली होती. चालू लढाया थांबल्या, जहाजं बांधली गेली, पाच जगं वसली. उत्तर देणारा मात्र कुठेच भेटला नाही. म्हणून आता त्याच्या दारापर्यंतच जायचं ठरलं होतं.

जहाज निघण्याआधी मोठं प्रदर्शन भरवायचं होतं आणि त्यासाठी टिकटिक्याला खाली आणलं. इतकी वर्षं तो मुका होऊन वर फिरतच होता. तो आला भिंगबाईच्या टेबलावर, आणि त्या दिवसापासून तिच्या घरात काहीतरी बदललं.

आधी सासूबाई. सुनेच्या कामात त्यांनी आजवर कधी नाक खुपसलं नव्हतं. आता रोज जेवताना विचारायच्या, "उघडला का ग तो?" नाही म्हटलं की पुढचा घास घ्यायच्या. टिकटिक्याच्या आतल्या वायरी बांधणाऱ्या कारागिणींमध्ये त्या होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा त्यांना मान होता, दर वर्षी समारंभाचं बोलावणं यायचं, आणि दर वर्षी नेमके त्याच दिवशी त्यांचे गुडघे धरायचे. आजवर भिंगबाईने ते गुडघ्यांवर सोडून दिलं होतं. आता ती प्रत्येक वर्षाचे गुडघे आठवू लागली.

मग ठिणगी. "आई, ते काम दुसऱ्या कोणाला दे ना, तुझी तब्येत बघ," असं तिने दोनदा सांगितलं. भिंगबाईची तब्येत ठणठणीत होती. शिवाय आजी-नात स्वयंपाकघरात बोलत असायच्या आणि ही आत गेली की भाजी महाग झाल्याचं बोलणं निघायचं. भाजी काही महाग झालेली नव्हती. भिंगबाईच्या मनाने घेतलं की म्हातारीच पोरीला फूस लावतेय. आपल्या हातच्या वस्तूने जगाला वाट दाखवली, आता आपली नातही त्याच वाटेने जावी, अशी हाव तिला सुटली असणार. या विचाराने ती इतकी पेटली की दोन दिवस सासूशी जेवढ्यास तेवढंच बोलली.

तिकडे संग्रहालयात संचालकांनी टिकटिक्या उघडायचा नाही असा हुकूमच दिला होता. नुसता पुसा, चमकवा आणि ठेवा. एवढी भीती कशाची, म्हणून भिंगबाईने त्यांच्यावरही नजर ठेवली. खरं कारण साधं होतं. इतिहासाचा पहिला धडा आपल्या हातून फुटला तर काय, या धास्तीने त्या गृहस्थाची झोप उडाली होती. शेवटी टिकटिक्यानेच तिची सोय केली. खालच्या शिवणीतून हिरवट ओल दिसू लागली. आतल्या जुन्या बॅटरीतलं रसायन झिरपून पत्रा खात होतं. न उघडावं तर प्रदर्शनाआधी भोक पडणार. संचालकांनी जड मनाने होकार दिला, थोडा वेळ शेजारी उभे राहून हात चोळले आणि पाहुण्यांचा फोन आल्यावर निघून गेले.

भिंगबाईने वरचा अर्धा पत्रा उचलला. आत वायरींच्या जुड्या मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या, ठरावीक अंतरावर एक गाठ. डावीकडे कललेली ती गाठ तिने लगेच ओळखली. घरातला केरसुणीचा दांडा, पडद्याची दोरी, ठिणगीच्या शाळेच्या पिशवीचा तुटलेला बंद, सगळं याच गाठीने बांधलेलं असायचं. काम नामी होतं. सासूशी अबोला असूनही तिला ते कबूल करावं लागलं.

एका जुडीच्या टोकाशी मात्र एक वायर बांधायची राहिली होती. बोटभर फास सुटा सोडलेला, तो खाली लोंबत होता. तिने त्यावर भिंग धरलं. फासाच्या टोकावरचं वेष्टण घासून गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. मग तिने उचलून ठेवलेला वरचा पत्रा आतून पाहिला. फासाच्या बरोबर वर येईल अशा जागी काळे ठिपके होते, मोहरी सांडावी तसे. वायर टेकून ठिणगी उडाली की पत्र्यावर असेच डाग पडतात.

आता वायर लोंबतेय खाली आणि डाग वरच्या पत्र्याला. सापासारखी फणा काढून ती वर कशी गेली असेल? भिंगबाईने चिमट्याने फास उचलून पाहिला. उघडं तांबं डागांवर नेमकं बसलं. सोडला की पुन्हा खाली. असं दोन-चारदा केल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. इथे टेबलावर ती वायर लोंबते. वर, जिथे कशालाच वजन नाही, तिथे काहीच लोंबत नाही. तिथे ती सुटी वायर हवी तिकडे तरंगणार. सावलीत सगळं गारठून आखडायचं, उन्हात आलं की पत्रा तापून फुगायचा, आत हालचाल व्हायची आणि वायर पत्र्याला टेकायची. टिक.

ती स्टुलावर बसली. उत्तर कोणी दिलंच नव्हतं. पाच जगं, एवढी जहाजं, शाळेतला पहिला धडा, सगळं एका सैल वायरीवर उभं होतं. असं काही कळल्यावर माणसाला भोवळ यावी. भिंगबाईला आनंद झाला. अगदी पोटातून आनंद झाला, कारण तिकडे कोणी नाही म्हटल्यावर जहाज कशाला जाईल? पोरगी घरी राहणार होती. तिने पत्रा पुन्हा झाकला, हात धुतले आणि वाटेत भेटलेल्या पहारेकऱ्याची विचारपूस केली. आजवर तिने त्याला फक्त कुलपं तपासायला सांगितलं होतं, त्यामुळे तोच जरा घाबरला.

घरी पोचेपर्यंत आनंदाला दुसरी बाजू फुटली. गाठी ओळखीच्या होत्या. म्हणजे फासही ओळखीचाच.

सासूबाई टेबलाशी बसून भाजी निवडत होत्या. भिंगबाईने पिशवीही खाली ठेवली नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

काय माहीत होतं, हे सासूबाईंनी विचारलं नाही. "उघडलास म्हणजे," एवढंच म्हणाल्या आणि समोरची खुर्ची सरकवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी वायर बांधायला शिकल्या त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तिथे यंत्रं दिवसभर तापायची, थरथरायची. गच्च बांधलेली वायर मुळाशी तुटायची. म्हणून तिथला नियमच होता की प्रत्येक जुडीत एक फास सैल सोडायचा, वायरीला ढील हवी. सैल फास लोंबत राहतो, कोणाला नडत नाही. टिकटिक्या बांधतानाही त्यांनी तीच ढील दिली. वर गेल्यावर लोंबायला जागाच नाही, हे त्यांच्या काय, कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तपासायला आलेल्या इंजिनियरने उलट पाठ थोपटली. आणि मग एक दिवस रस्त्यावरच्या रेडिओतून ती टिक आली. एक्स्चेंजमध्ये सुटी वायर चौकटीला लागली की हाच आवाज यायचा. त्यांनी तो हजारदा ऐकला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाशी बोलू? शेजारणीचा मुलगा लढाईवर होता. लढाई थांबली म्हणून ती भर रस्त्यात रडत होती, हसत होती. तिला सांगू, की बाई, ती माझी वायर आहे?" सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "मला लाज नाही वाटत त्याची. विचारशील तर आजही नाही."

याला तोड नव्हती, म्हणूनच भिंगबाईला जास्त राग आला. तेव्हाचं जाऊ द्या, ती म्हणाली, पण आता स्वतःची नात निघालीय, रिकाम्या आभाळात निघालीय, तरी तुमचं तोंड उघडलं नाही. नातीपेक्षा नाव मोठं झालं का? बोलली आणि तिचं तिलाच कळलं की हे जरा जास्त झालं. पण सुटलेला बाण काही परत येत नाही.

"आजीला बोलू नकोस," दारातून ठिणगी म्हणाली. ती कधी आली ते दोघींनाही कळलं नव्हतं. "मला माहीत आहे. आजीने नाही सांगितलं, मीच विचारलं होतं."

आजीकडून ती गाठी मारायला शिकली तेव्हाची गोष्ट. सैल फास सोड म्हटल्यावर तिने विचारलं होतं की टिकटिक्यात पण असाच सोडला होता का, आणि मग वर गेल्यावर तो लोंबला कुठे? आजी बराच वेळ गप्प बसली होती. त्यातच ठिणगीला उत्तर मिळालं. तेव्हापासून ते दोघींच्यात होतं.

म्हणजे भाजीच्या महागाईखाली हे दडलेलं होतं. भिंगबाईचा संशय खरा निघाला होता, आणि खरा निघालेल्या संशयाचं सुख यावेळी काडीचंही नव्हतं. तिने विचारलं की तिकडे कोणी नाही हे ठाऊक असून तू निघालीस? ठिणगी म्हणाली, कोणी असो नसो, मला जायचंय. ज्याला बघायचंय त्याला हाक कशाला लागते?

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू कारण शोधत होतीस, आई. ते मी माझ्या हाताने कसं आणून देऊ?"

भिंगबाई हरली, पण तिची नजर अजून शाबूत होती. "बरं. तुला माहीत आहे. तुझ्याबरोबर जाणाऱ्यांना माहीत आहे?"

ठिणगीने आजीकडे पाहिलं. चुलीवरचं पाणी उकळत होतं ते कोणी उतरवलं नाही.

"घरदार सोडून निघालीत ती माणसं," भिंगबाई म्हणाली. "कोणीतरी बोलावतंय म्हणून निघालीत."

हे ती निव्वळ सत्यासाठी बोलत होती असं म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर खोटं बोलणं होईल. तिला जहाज थांबवायचं होतं. पण बोललेली गोष्ट बावनकशी होती, आणि ती ठिणगीला नेमकी लागली. पोरगी खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून म्हणाली, "सांगायला हवं."

सकाळी मायलेकी दोघी संचालकांकडे गेल्या. टिकटिक्याचं पोट उघडून दाखवल्यावर ते इतके पांढरे पडले की भिंगबाईने त्यांना आपलं स्टूल दिलं. बोलावं तर प्रदर्शन बुडतं, न बोलावं तर खोट्यावर माणसं पाठवल्याचं पाप. इकडे आड, तिकडे विहीर. पण माणूस सरळ होता. ज्यांना जायचंय त्यांना आधी सांगू, मग जगाला, असं त्यांनी ठरवलं.

जाणारे सगळे दुपारपासून येऊ लागले. दुरुस्तीखोलीत एकावेळी थोडेच मावत, बाकीचे बाहेर रांगेत. भिंगबाई प्रत्येकाला फास दाखवायची, चिमट्याने उचलून डागाला लावायची आणि मग वायरीकडे न बघता समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. कोणाचा धीर सुटतो, यावर तिची सगळी मदार होती. एक नवरा-बायको तडक घरी गेले. एक तरुण भिंतीला टेकून रडला. जहाजाचा डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, मग पुन्हा रांगेत उभा राहून दुसऱ्यांदा बघायला आला. बहुतेकांनी नुसतं पाहिलं, आभार मानले आणि बाहेर बोळात जाऊन वाद घालत बसले. संध्याकाळी कप्तानीणबाई आत आल्या. काही जण गळाले होते, पण जहाज चालवायला माणसं पुरेशी होती. जहाज जाणार होतं.

भिंगबाईने वायर सोडून दिली.

जगाला कळलं तेव्हा एकच गदारोळ उडाला. निम्म्यांनी विश्वासच ठेवला नाही. वायर मागाहून घातली म्हणाले, संचालक फितूर म्हणाले, भिंगबाईला कोणी पैसे चारले ते शोधा म्हणाले. सगळं जगच भिंगबाई झालं होतं. दारावर शिव्या लिहिल्या गेल्या. एक म्हातारी मात्र काठी टेकत आली, सासूबाईंचे हात हातात घेऊन बसली आणि लढाईवरून परत आलेल्या आपल्या भावाबद्दल बोलत राहिली. सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. भिंगबाईने त्यांना पाणी दिलं आणि परवाच्या बोलण्याची माफी मागितली. "मागायलाच हवी होती," सासूबाई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

निघायच्या दिवशी तिघी जहाजतळावरच्या मोठ्या हॉलमध्ये होत्या. बाकांच्या रांगा, सामान तोलणारे कर्मचारी, पलीकडे एक साधं करडं दार. त्या दारातून गेलं की मागे येणं नाही. ठिणगीने आजीला मिठी मारली. आजी तिच्या कानात काहीतरी बोलली आणि मग दूर जाऊन बाकावर बसली, मायलेकींना जागा द्यायला.

भिंगबाईने लेकीच्या पिशवीचे बंद ओढून पाहिले. बूट पाहिले. मग तपासायला काही उरलं नाही. वर्षभर तिने खोट शोधली होती, जहाजात, कप्तानिणीत, सासूत, इतिहासात, आणि सापडलेली एवढी मोठी खोटही कामी आली नव्हती.

"जाऊ नकोस ग," ती म्हणाली. "कारण काही नाही. मला तू घरी हवी आहेस."

ठिणगीने पिशवी खाली ठेवली. तिचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला.

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"आत्ताच बोलता आलं."

"मी वर्षभर वाट बघितली, आई. तू पत्रा कुठून आणला ते विचारलंस, डॉक्टर शिकलाय का ते विचारलंस. मला वाटलं, तुला जहाजाचाच भरवसा नाही. बाकी तुझं काही म्हणणंच नाही."

"आधी बोलले असते तर राहिली असतीस?"

करड्या दारापाशी कोणीतरी नावं पुकारत होतं. ठिणगीने आईचे दोन्ही हात धरले. हो म्हटलं असतं तर आई जन्मभर जळली असती, नाही म्हटलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं. पोरीने यातलं काहीच केलं नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

भिंगबाईने ते खरं मानलं. तिने लेकीला उराशी धरलं, इतकं घट्ट की शेजारच्या माणसाने तोंड फिरवलं, आणि मग स्वतःच पिशवी उचलून तिच्या खांद्यावर अडकवली. ठिणगी गेली. दार लागलं.

भिंगबाई बाकावर सासूबाईंच्या शेजारी येऊन बसली. काय म्हणाली पोरगी, सासूबाईंनी विचारलं, आणि भिंगबाईने जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचं बोलणंसुद्धा. सासूबाई ऐकत होत्या. हॉल रिकामा झाला, कर्मचारी बाक एकावर एक रचू लागले, तरी दोघी तिथेच बसून होत्या. घरी जायची दोघींनाही घाई नव्हती.